दाखला नववीत निघतो, अडखळणे तिसरीपासूनचे असते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या परीक्षेत लेखनिक (सांगितलेले उत्तर लिहून देणारा मदतनीस) आणि वाढीव वेळ घेणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतेच एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. आठवीपर्यंत ज्या मुलाला काहीच अडचण नव्हती, त्याला नववीत आल्याबरोबर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही वाचन-लेखन जमत नसल्याचा, दाखला कसा मिळतो, असा त्यांचा प्रश्न असून, गुण वाढवण्याचा हा नवा मार्ग आहे असे त्यांनी जवळजवळ गृहीतच धरले आहे. त्यांचा संशय सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सवलत म्हटली की तिचा गैरफायदा घेणारे चार जण निघतातच आणि त्यांना आळा घातलाच पाहिजे. मात्र दाखला नववीत निघाला म्हणून अडचणही नववीत सुरू झाली, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. अडचण पहिली-दुसरीपासून असते, तिसरीत ती कुणालाही दिसेल इतकी ठळक होते, आणि ती ओळखण्याचे काम वेळेवर कुणीच करत नाही म्हणून कागद नववीत तयार होतो. माझा मुलगा आज सातवीत आहे आणि त्याचे निदान सहावीच्या दिवाळीनंतर झाले. तिसरी ते सहावी ही वर्षे कुठे गेली, ते या पत्रातून सांगण्याची परवानगी असावी.

आम्ही सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर या भागात राहतो. माझे पती टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे कारागीर, आहेत, मी एका पतसंस्थेत लिपिक आहे, आणि घरात आम्ही कानडी बोलतो. सोलापुरात यात सांगण्यासारखे काही नाही. बाळीवेशीकडच्या घरांत कानडी, पूर्व भागातील विणकरांच्या घरांत तेलुगू, कुठे उर्दू, आणि दप्तर पाठीला लावून निघालेली मुले मात्र मराठी शाळेत, हे या शहरात पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. मी स्वतः अशीच शिकले. माझी मोठी मुलगी याच घरात, याच कानडीत वाढून त्याच मराठी शाळेत वाचायला लागली आणि दुसरीत असताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचून तिने आम्हाला नको नको केले होते.

मुलगा 2019 च्या जूनमध्ये पहिलीत गेला. मार्चमध्ये शाळा बंद पडली, दुसरीचे वर्ष मोबाइलवर गेले आणि तिसरीचाही बराचसा भाग तसाच गेला. शाळा भरू लागली तेव्हा सगळ्याच मुलांचे वाचन मागे पडलेले असल्यामुळे आमचा मुलगा त्या गर्दीत दिसेनासा झाला. ‘कोरोनामुळे सगळ्यांचेच असे झाले आहे, येईल हळूहळू,’ असे त्या वर्षी आम्हाला सांगण्यात आले आणि ते आम्हाला पटलेही. चौथीत बाकीची मुले पुढे गेली आणि हा तिथेच राहिला, तेव्हा दुसरे कारण पुढे आले. घरी कानडी बोलता, त्यामुळे त्याचे मराठी कच्चे राहिले आहे. घरातली कानडी बंद करा.

त्याचे वाचन नेमके कसे होते ते सांगितल्याशिवाय या सल्ल्यातली चूक कळणार नाही. ‘घर’ आणि ‘धर’, ‘भात’ आणि ‘मात’ यांत त्याला फरक दिसत नसे. दिसला तरी पुढच्या ओळीत तो टिकत नसे. पाठ्यपुस्तकातला धडा मात्र तो घडाघडा म्हणत असे. एका संध्याकाळी त्याचे बोट तिसऱ्या ओळीवर होते आणि तोंड पाचव्या ओळीवर पोहोचले होते, हे माझ्या ध्यानात आले. मी खालच्या ओळींवर पोस्टकार्ड ठेवले, तरीही झाकलेले वाक्य त्याने बिनचूक म्हटले. धडा त्याने वर्गात ऐकून पाठ केलेला होता. मग मी त्याच धड्यातला एकच शब्द कागदावर सुटा लिहून दिला, तर तो त्या शब्दाकडे कधी पाहिलाच नसल्यासारखा बघत राहिला. याच काळात त्याने मला एक प्रश्न विचारला होता: ‘आई, ‘कि’ म्हणताना आधी क येतो आणि मग इ येते, तर लिहिताना वेलांटी आधी का काढायची?’ मी त्याला गप्प बसवले. पुढे विशेष शिक्षिकेने मला समजावून सांगितले की आपल्या लिपीतली ऱ्हस्व वेलांटी खरोखरच उच्चाराच्या उलट जागी बसते, आणि ‘सूर्य’मधला र् तर य च्या आधी उच्चारून य च्या डोक्यावर लिहायचा असतो. आपण हे न कळताच शिकून जातो. ज्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालायलाच कष्ट पडतात, ते तिथे अडकते. त्याने विचारलेला प्रश्न खरे तर चांगलाच होता.

आम्ही कानडी बंद केली. सोपे वाटते, पण आमच्या सासूबाईंना कानडीशिवाय दुसरी भाषा धड बोलता येत नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या सातही नंदीध्वजांचा क्रम आणि मान, 68 लिंगांची प्रदक्षिणा, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पूर्वी काय काय असायचे, हे सगळे मुलाने अज्जीच्या मांडीवर कानडीत ऐकले होते आणि तो ते तिच्याच शब्दांत परत सांगत असे. अक्षरे सोडून सगळे त्याला येत होते ते असे कानांनी. शाळेतून आल्यावर सासूबाई त्याला ‘ऊटा आयतेन?’ (जेवण झाले का?) म्हणून विचारायच्या, तेवढेही आम्ही थांबवले. त्या जेवायच्या वेळी ताट सरकवून खुणेने विचारू लागल्या आणि दुपारभर घरात कुणी बोलेनासे झाले. असे सहा महिने चालले. मुलाचे वाचन एका अक्षराने सुधारले नाही. जे दुखणे भाषेचे नव्हतेच, ते भाषा तोडून कसे बरे होणार होते? या सहा महिन्यांबद्दल मी सासूबाईंची अजून नीट माफी मागितलेली नाही.

सल्ला देणाऱ्या शिक्षिकेवर माझा राग नाही, हे मुद्दाम नमूद करते. वर्गात पन्नासच्या आसपास मुले, त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे. आणि अध्ययन अक्षमता कशी ओळखायची याचे प्रशिक्षण त्यांना कधी मिळालेच नव्हते, असे त्यांनीच मला नंतर सांगितले. राग येतो तो याचा, की हे ओळखण्याची व्यवस्था कागदावर कधीच झालेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात ते 21 झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. मुलांमधील अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य ती शैक्षणिक उपाययोजना करावी, असे कलम 16 सांगते. शाळेत जाणाऱ्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे आणि पहिले सर्वेक्षण कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत करावे, असे कलम 17 सांगते. केंद्र सरकारच्या जानेवारी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तर इयत्ता तिसरी किंवा वयाची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शाळेनेच प्राथमिक तपासणी करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. माझा मुलगा तिसरीत होता तेव्हा या सूचनांना तीन वर्षे उलटून गेली होती. त्याची अशी तपासणी कुणी केली नाही, आणि ती करायची असते हे आम्हाला कुणी सांगितलेही नाही.

घरच्या भाषेची सबब किती पोकळ आहे, हे कळण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगते. भारतीय भाषांमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी हरियाणातल्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ या नावाची चाचणी तयार केली असून ती 2015 मध्ये उपलब्ध झाली. तिच्या पहिल्या चार भाषा कोणत्या, तर हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. म्हणजे सोलापुरातल्या आमच्यासारख्या घरातल्या मुलाला मराठीत आणि कानडीत, दोन्हीकडे तपासता येईल असे साधन तो शाळेत जाण्याच्या चार वर्षे आधीपासून देशात होते. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनीच भरायचे प्राथमिक तक्तेही त्यात आहेत. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाची अडचण दोन्ही भाषांत दिसते की फक्त शाळेच्या भाषेत, एवढे पाहिले तरी अर्धा गोंधळ दूर होतो. शाळेची भाषा नवी असल्यामुळे मागे पडलेले मूल चार-सहा महिन्यांत पुढे सरकताना दिसते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असलेले मूल शब्द ऐकून चटकन उचलते, पण तोच शब्द कागदावर आला की अडते.

पाचवीचे वर्ष मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला आवडत नाही. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांना फेरपरीक्षा सुरू झाली. आमचा मुलगा नेमका त्याच वर्षी पाचवीत होता. तो फेरपरीक्षेला बसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, 42 अंशांच्या उन्हात, त्याच्या वर्गातली मुले आजोळी गेलेली असताना हा रोज तीन तास शुद्धलेखन लिहीत होता आणि पती संध्याकाळी वही तपासून त्याला मारत होते. नातेवाइकांनी ब्राह्मीच्या बाटल्या आणून दिल्या. एकाने ‘हा आळशी आहे’ म्हटले, दुसऱ्याने ‘हा मंद आहे’ म्हटले, आणि खरे सांगायचे तर या दोहोंपैकी काहीतरी एक असणार, असे मलाही वाटू लागले होते.

निदानाकडे आम्ही पोहोचलो तेही योगायोगाने. पतसंस्थेत खाते असलेल्या एका बाईंच्या मुलीला हाच त्रास होता आणि माझे बोलणे ऐकून त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. सोलापुरात सगळ्या तपासण्या एका ठिकाणी होणार नाहीत, असे आम्हाला कुणीतरी सांगितल्यामुळे आम्ही पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने तीन वेळा पुणे गाठले. यातले बरेच काही इथेही होऊ शकले असते, हे नंतर समजले. आधी डोळे आणि कान तपासले, मग बुद्ध्यांकाची चाचणी झाली. या चाचणीचे महत्त्व माझ्यासारख्या पालकांनी समजून घ्यावे. मुलाचा बुद्ध्यांक पुरेसा आहे, 85 च्या वर आहे, हे दिसल्यावरच अध्ययन अक्षमतेच्या पुढच्या चाचण्या घ्याव्यात, असे त्या 2018 च्या सूचनांत म्हटले आहे. म्हणजे ज्याला लोक ‘मंद’ म्हणतात, तो मंद नाही हे सिद्ध झाल्याशिवाय हा दाखला मिळूच शकत नाही. ‘अक्षमता’ हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही, पण दुसरा रूढ नसल्यामुळे मीही तोच वापरते आहे.

तिसऱ्या फेरीत मानसशास्त्रज्ञांनी त्याला अर्थ नसलेले शब्द वाचायला दिले. ‘टिमोका’, ‘रुभेळ’ असे काहीतरी होते. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि दार अर्धवट उघडे होते. पाठांतराचा आधार नाही, संदर्भाचा आधार नाही, अशा त्या शब्दांसमोर मुलगा पहिल्यांदाच उघडा पडला. एका शब्दाला त्याला इतका वेळ लागला की मला उठून आत जावेसे वाटले. नंतर आम्हा दोघांना आत बोलावले आणि घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, असे विचारले. मी नाही म्हणणार तोच माझे पती, जे अशा ठिकाणी कधी तोंड उघडत नाहीत, म्हणाले की मलाही असेच व्हायचे, म्हणून मी आठवीत शाळा सोडली. लग्नाला सोळा वर्षे होऊन मला हे ठाऊक नव्हते. कारखान्यात तीस माग एकाच वेळी चालू असताना कोणत्या मागाचा धोटा बिघडला आहे हे जे आवाजावरून ओळखतात, त्या माणसाच्या नावाचे सगळे अर्ज आजवर मी भरत आले आणि त्यांचे अक्षर वाईट आहे, एवढेच मला वाटत होते. ही गोष्ट पुष्कळदा घराण्यात चालत येते, असे मानसशास्त्रज्ञांनी सांगितले. परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत पती काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मुलावर हात उगारलेला नाही.

आता त्या ज्येष्ठ वाचकांच्या मुद्द्याकडे येते. मुलाच्या वाचन-लेखनाच्या अडचणीवर औषध नाही. असतो तो विशेष शिक्षिकेबरोबरचा नियमित सराव, ज्याला सगळे ‘रेमेडियल’ म्हणतात. अक्षर वाळूत बोटाने काढायचे, शब्दाचे तुकडे टाळी वाजवून मोजायचे, जोडाक्षर फोडून त्यातला प्रत्येक ध्वनी वेगळा म्हणायचा. आठवड्यातून दोन दिवस हे चालते आणि माझ्या पगाराचा पाचवा भाग त्यावर जातो. हेच आठव्या वर्षी सुरू झाले असते तर त्याला पुढे लेखनिकाची गरज कदाचित कमी पडली असती. अकराव्या वर्षी सुरू झाल्यामुळे त्याला आता एकाच वेळी तिसरीचे वाचन आणि सातवीचा इतिहास शिकावा लागतो. ज्यांचे निदान नववीत होते, त्यांच्या हाती तर सवलतीशिवाय काहीच उरत नाही. तेव्हा नववीतल्या दाखल्यांची संख्या वाढलेली दिसत असेल, तर त्या मुलांची तिसरीत तपासणी झाली होती का, हे त्या वाचकांनी एकदा विचारून पाहावे.

सवलतींबद्दलही थोडे गैरसमज दिसतात. आपल्या राज्याने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती द्यायला 1996 मध्येच, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या वीस वर्षे आधी सुरुवात केली. ही काल-परवाची टूम नाही. वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आता कायद्याच्या कलम 17 मध्येच आहे. वेळ मिळतो तो ताशी 20 मिनिटे. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि खालच्या इयत्तेतले पोर दहावीच्या बीजगणितात कुणाला काय सांगणार? दाखलाही एकदा काढला आणि संपले, असे नसते. 2018 च्या त्या सूचनांनुसार वयाच्या 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, आणि आयुष्यभर चालतो तो 18 व्या वर्षीचा दाखला. गैरप्रकार करणाऱ्यांना या चाळणीत पकडणे अशक्य नाही. त्यांच्यापायी प्रामाणिक मुलाकडे परीक्षा केंद्रावर संशयाने पाहिले जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

पालकांचीही बाजू स्वच्छ नाही. पतसंस्थेत भेटलेल्या त्या बाईंनी आपल्या मुलीचे मला सांगितलेले निदान स्वतःच्या सासरी अजून सांगितलेले नाही, कारण मुलीच्या कागदावर ‘दिव्यांग’ हा शब्द आला तर पुढे लग्नात आडकाठी येईल, अशी त्यांना भीती आहे. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण अशीच भीती बाळगून आपण वेळ काढत राहतो आणि दहावी दारात आली की धावाधाव करतो, हे खरे आहे.

सोलापुरात करण्यासारखे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांतल्या तिसरीच्या प्रत्येक मुलाची जून ते दिवाळी या काळात अर्ध्या तासाची प्राथमिक तपासणी व्हावी. मराठी आणि कन्नडसाठी साधन आहेच. तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांच्या वेळी ती भाषा येणाऱ्या शिक्षकाला शेजारी बसवावे. या शहरात असे शिक्षक शोधावे लागत नाहीत, आणि हा फायदा दुसऱ्या फार थोड्या शहरांना आहे. तपासणीत ज्यांच्याबद्दल शंका येईल त्यांच्या पालकांना एकट्याने बोलावून सांगावे, पालकसभेत नव्हे. पुढच्या चाचण्यांसाठी सरकारी यंत्रणेने महिन्यातला एक ठरावीक दिवस जाहीर करावा, म्हणजे आमच्यासारख्यांना रजा टाकून पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच सांगितले आहे. ते प्रमाण उद्या गाठले जाईल अशी माझी समजूत नाही, पण निदान चार-पाच शाळांना मिळून एक तरी शिक्षक येत्या जूनपर्यंत द्यावा. आपल्या वार्ताहरांनी शिक्षण विभागाकडे एवढीच चौकशी करावी की गेल्या वर्षी तिसरीतल्या किती मुलांची अशी तपासणी झाली. आकडा कितीही असो, तो छापावा.

घरात कानडी पुन्हा सुरू झाली आहे. सध्या मुलगा अज्जीला मराठी बाराखडी शिकवतो आणि वेलांटीपाशी तिचेही अडते, याचा त्याला फार आनंद होतो.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी ते त्याला वाचून दाखवले. फेरपरीक्षेचा मजकूर काढून टाक, असा त्याचा आग्रह होता. बरीच समजूत घातल्यावर तो एका अटीवर राजी झाला, म्हणून पत्र छापल्यास आमची नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक आई, जुळे सोलापूर